पाटीवरचा भाव आणि नळीतले माप



"कुठल्या पंपावर स्वस्त मिळते हो?" हा प्रश्न आता आपल्या वस्त्यांमधून रोज ऐकू येतो. एके काळी दहा घरांत मिळून एखादी सायकल असायची. आज नाक्यावर आपल्या पोरांच्या रिक्षा उभ्या आहेत, गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आहे, कुणाचा मुलगा मोटारसायकलवर घरोघर पार्सल पोचवतो, कुणाची सून स्कूटरवरून दवाखान्यात ड्युटीला जाते. ही वाहने हौसेची नाहीत, पोटाची आहेत. महिन्याच्या कमाईतला मोठा हिस्सा पंपावर जातो. म्हणून या वेळी घरखर्चाच्या सदरात पेट्रोल-डिझेलच्या भावाचा हिशेब मांडू या. हा हिशेब घरातल्या सर्वांनी मिळून वाचावा, कारण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचाही त्यात वाटा आहे.

भाव वेगवेगळा का?

पूर्वी पेट्रोल-डिझेलचा भाव सरकार जाहीर करत असे. आज मध्यरात्रीपासून वाढ, अशी बातमी आली की आदल्या संध्याकाळी पंपावर रांगा लागत. ही सरकारी भावपद्धत 1 एप्रिल 2002 पासून कागदोपत्री संपली. पेट्रोलचा भाव ठरवण्याची मोकळीक कंपन्यांना जून 2010 मध्ये मिळाली, डिझेलची ऑक्टोबर 2014 मध्ये. 16 जून 2017 पासून देशभर रोज सकाळी सहा वाजता भाव बदलण्याची पद्धत सुरू झाली. म्हणून काल शेजाऱ्याने सांगितलेला भाव आज लागू असेलच असे नाही. भावांची तुलना करायची तर ती एकाच दिवसाची करावी, नाहीतर हिशेब चुकतो.

एकाच दिवशीही दोन ठिकाणी भाव वेगळा दिसतो, त्याची कारणे चार.

पहिले कारण कर. पेट्रोल आणि डिझेल यांना जीएसटी लागू नाही. केंद्र आपले उत्पादन शुल्क घेते, त्यावर राज्य आपला व्हॅट लावते आणि प्रत्येक राज्याचा दर निराळा. जुलै 2024 मध्ये मुंबईत पेट्रोल 103 रुपये 44 पैसे होते, त्याच काळात दिल्लीत 94 रुपये 72 पैसे. गुजरात आणि गोव्यातही मुंबईपेक्षा लिटरमागे सात ते नऊ रुपयांच्या आसपास स्वस्त होते. उलट तेलंगणात आपल्याहून महाग. आपल्या राज्याच्या आतही फरक होता. बृहन्मुंबई, ठाणे आणि नवी मुंबई या महापालिकांच्या हद्दीत डिझेलवर 24 टक्के आणि पेट्रोलवर 26 टक्के व्हॅट होता. 2024 च्या अर्थसंकल्पात तो अनुक्रमे 21 आणि 25 टक्के करण्यात आला. त्यामुळे तेथे डिझेल लिटरमागे दोन रुपयांनी आणि पेट्रोल पासष्ट पैशांनी उतरले. त्याआधी ठाण्याचा टेम्पोवाला कल्याणच्या हद्दीत शिरला की डिझेल भरत असे, त्याचे कारण हे होते.

दुसरे कारण अंतर. तेल कंपनीच्या आगारातून टँकर जितका लांब जाईल तितके भाडे भावात चढते. 2021 साली दर भडकत असताना महाराष्ट्रातले सर्वात महाग पेट्रोल म्हणून परभणीचे नाव वर्तमानपत्रांतून वारंवार येत होते. परभणीला माल येतो तो मनमाडजवळच्या पानेवाडीच्या आगारातून, म्हणजे सुमारे तीनशे किलोमीटरवरून. मराठवाड्यातल्या कष्टकऱ्याची मजुरी मुंबईपेक्षा कमी आणि पेट्रोल मात्र मुंबईपेक्षा महाग, असा तो उलटा न्याय. ऑक्टोबर 2024 च्या अखेरीस सरकारी कंपन्यांनी आगारापासून दूरच्या ठिकाणांसाठी हे भाडे कमी करण्याची घोषणा केली. ओडिशातल्या मलकानगिरी जिल्ह्यातील काही ठिकाणी पेट्रोल त्यामुळे साडेचार रुपयांहून अधिक उतरले. आपल्याकडे त्या वेळी विधानसभेची आचारसंहिता होती, म्हणून त्या पहिल्या फेरीत महाराष्ट्र नव्हता.

तिसरे कारण कंपनी. सरकारी तीन कंपन्यांचे भाव एकमेकांशी जवळपास जुळतात, फरक असतो तो पैशांचा. खाजगी कंपन्या आपला भाव आपण ठरवतात. 2022 मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या पंपांवर भाव सरकारी पंपांपेक्षा चढे होते, तर 2023 मध्ये काही खाजगी पंपांनी लिटरमागे एक रुपया कमी घेऊन गिऱ्हाईक ओढले. म्हणून नाव पाहून स्वस्त-महाग ठरवू नका, त्या दिवसाची पाटी पाहा.

चौथे कारण मालाचा प्रकार. एकाच पंपावर साधे पेट्रोल आणि जास्त भावाचे खास पेट्रोल अशा दोन नळ्या असतात. साध्या मोटारसायकलला साधे पेट्रोल पुरते. गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत वेगळे सांगितले नसेल तर जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. टाकी उघडण्यापूर्वीच "साधे टाका" असे स्पष्ट सांगावे.

पंपचालकाचे कमिशन या भावातच धरलेले असते. 2024 च्या सुरुवातीस दिल्लीत ते पेट्रोलवर लिटरमागे पावणेचार रुपयांच्या आसपास आणि डिझेलवर अडीच रुपयांच्या थोडे वर होते. म्हणजे भाव चढला तर पंपवाला गबर होतो, हा समज खरा नाही. आणि नळी हातात धरून उन्हात उभा असलेला मुलगा तर तुमच्या-आमच्यासारखाच पगारावर जगतो. भाव वाढल्याचा राग त्याच्यावर काढू नये.

वळसा घालावा का?

आता मुद्द्याचा हिशेब. सोपे जावे म्हणून पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू.

तुमच्या नेहमीच्या पंपापेक्षा दुसरा पंप तीस पैशांनी स्वस्त आहे, पण तेथे जाऊन-येऊन पाच किलोमीटर जास्त पडतात. तुमची गाडी लिटरला पन्नास किलोमीटर जाते. तुम्ही तीन लिटर भरले. वाचले नव्वद पैसे. पाच किलोमीटरला जळाले शंभर मिलीलिटर, म्हणजे दहा रुपये. नव्वद पैसे वाचवायला दहा रुपये गेले, शिवाय वेळ गेला.

टेम्पोचे पाहू. 2024 पूर्वीचा ठाणे-कल्याणचा दोन रुपयांचा फरक घ्या. तीस लिटर डिझेलवर साठ रुपये वाचतात. पण केवळ त्यासाठी बारा किलोमीटरचा फेरा मारला आणि टेम्पो लिटरला बारा किलोमीटर जात असेल, तर एक लिटर डिझेल त्या फेऱ्यातच गेले. नव्वद रुपये लिटर धरले तरी तीस रुपयांचा तोटा. तोच टेम्पो माल घेऊन त्या बाजूला जाणारच असेल तर मात्र ते साठ रुपये खरोखर खिशात राहतात.

सीमेवरच्या गावांचा हिशेब थोडा वेगळा. बांद्याहून रोज पेडणे-म्हापशाकडे कामाला जाणाऱ्याने गोव्यात पेट्रोल भरावे, त्यात शहाणपण आहे. आठ रुपयांचा फरक असेल तर सहा लिटरमागे अठ्ठेचाळीस रुपये वाचतात. तीच गोष्ट तलासरीहून गुजरातेत कामाला जाणाऱ्याची. पण स्वस्त मिळते म्हणून कॅन भरून आणून घरात ठेवू नका. आपली घरे एक-दोन खोल्यांची. त्याच खोलीत शेगडी पेटते, देवळीत दिवा असतो, मुले झोपतात. पेट्रोलची वाफ डोळ्यांना दिसत नाही, ती जमिनीलगत पसरते आणि एका ठिणगीने पेटते. पन्नास रुपयांसाठी घरादाराचा धोका पत्करू नये.

तेव्हा नियम असा: रस्त्यात येणाऱ्या पंपांत जो स्वस्त असेल तेथे भरा. केवळ स्वस्ताईसाठी वाकडी वाट करू नका.

खरा फरक मापात

आपण पाटीवरचे पैसे पाहतो, पण टाकीत किती उतरले हे पाहत नाही. येथेच गरिबाची फसवणूक होऊ शकते.

प्रत्येक पंपावर पाच लिटरचे प्रमाणित, शिक्का मारलेले माप ठेवावे लागते. शंका आल्यास त्या मापात तेल काढून दाखवा, असे सांगण्याचा गिऱ्हाईकाला हक्क आहे. पाच लिटरमागे 25 मिलीलिटरपर्यंतची घट-वाढ कायद्यात चालते. शंभर रुपये भावाने 25 मिलीलिटरचे अडीच रुपये होतात, म्हणजे लिटरमागे पन्नास पैसे. आता विचार करा, एका गावातल्या दोन पंपांच्या पाट्यांमध्ये जो तीस-चाळीस पैशांचा फरक आपण शोधत फिरतो, त्यापेक्षा मापातली कायद्याने चालणारी घटच मोठी असू शकते.

आणि माप मुद्दाम मारलेले असेल तर? पाच लिटरमागे 100 मिलीलिटर कमी आले तर लिटरमागे दोन रुपये गेले. पार्सल पोचवणारा मुलगा रोज तीन लिटर भरतो, महिन्याचे सव्वीस दिवस काम करतो. महिन्याला अठ्ठ्याहत्तर लिटर झाले. मापातून त्याचे 156 रुपये जातात, वर्षाला 1872 रुपये. पाटीवरच्या तीस पैशांच्या फरकाने त्याचे वर्षाला 280 रुपये वाचले असते. मुलीच्या शाळेची वह्या-पुस्तके कोणत्या रकमेत येतात, ते तुम्हीच ठरवा.

ही कल्पनेतली भीती नाही. 2017 साली लखनौत पंपाच्या यंत्रात चिप बसवून माप मारण्याचा प्रकार पोलिसांनी उघडकीस आणला. त्याच वर्षी ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेने महाराष्ट्रात अनेक पंपांवर छापे घातले. तेलातल्या भेसळीचा धंदा तर माणसाच्या जिवावर उठणारा आहे. 25 जानेवारी 2011 रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे मनमाडजवळ ही चोरी पकडायला गेले असता त्यांना भरदिवसा जिवंत जाळण्यात आले. एक अधिकारी आपले कर्तव्य बजावताना गेला. त्यांची आठवण ठेवायची तर आपण निदान आपल्या हक्काचे माप मागायला लाजू नये.

पंपावर गेल्यावर एवढे करा:

नळी टाकीत घालण्यापूर्वी यंत्रावर शून्य आले का ते स्वतः पाहा. बोलण्यात गुंतू नका.

रुपयांबरोबर लिटरचा आकडाही पाहा. रुपयांना पाटीवरच्या भावाने भागले की लिटर जुळले पाहिजेत.

पावती मागा. पावतीवर पंपाचे नाव, वेळ, भाव आणि लिटर येतात. तक्रार करायची वेळ आली तर तोच पुरावा.

मालाबद्दल शंका असेल तर पेट्रोलसाठी फिल्टर पेपरची तपासणी मागा. कागदावर टाकलेला थेंब उडून गेल्यावर डाग राहता कामा नये. यंत्रावर त्या दिवसाची घनता लिहिलेली असते. पंपावरच्या नोंदीशी ती तपासून पाहता येते आणि त्यात तीन आकड्यांपेक्षा जास्त फरक असू नये.

चाकातली हवा पंपावर मोफत भरून मिळते. आठवड्यातून एकदा ती तपासा. हवा कमी असली की गाडी ओढायला तेल जास्त लागते.

शंभरऐवजी एकशे दहाचे टाकले की माप बरोबर मिळते, असे पुष्कळ जण सांगतात. यंत्राचे माप बिघडलेले असेल तर ते शंभरालाही बिघडलेले आणि एकशे दहालाही. पहाटे थंडाव्यात भरले की जास्त मिळते, हेही तसेच. टाक्या जमिनीखाली असतात, तेथे सकाळ-दुपारचा फरक नगण्य असतो. अशा तोडग्यांवर विसंबण्यापेक्षा वही ठेवा. टाकी गच्च भरा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुन्हा गच्च भराल तेव्हा किती लिटर लागले आणि किती किलोमीटर झाले ते लिहा. किलोमीटरला लिटरने भागले की ॲव्हरेज निघाले. एका पंपावर तीन-चार वेळा, मग दुसऱ्यावर तीन-चार वेळा असे करा. हे काम घरातल्या सातवी-आठवीतल्या मुला-मुलीकडे सोपवा. त्यांचे गणित पक्के होईल आणि बापाच्या घामाचा पैसा कसा जातो तेही कळेल.

एक गोष्ट लक्षात ठेवा. 2025 पासून पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जात आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश शक्ती कमी असते. त्यामुळे जुन्या गाडीचे ॲव्हरेज थोडे उतरले तर त्याचा दोष लगेच पंपाला देऊ नका. सगळ्याच पंपांवर सारखे उतरले तर कारण मिश्रणाचे किंवा गाडीचे. एकाच पंपावर उतरले तर माप मागा. पंपावर तक्रार वही असते, ती मागा. वैधमापन खात्याकडे, म्हणजे आपण ज्याला वजनमापे खाते म्हणतो तेथे, अर्ज द्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे.

पेट्रोलची गाडी की डिझेलची?

रोजगारासाठी गाडी घेणाऱ्या तरुणांचा हा नेहमीचा प्रश्न. "डिझेल स्वस्त" हे जुन्या माणसांचे गणित आज तसेच्या तसे चालत नाही. 2012 साली दिल्लीत दोन्हींच्या भावात लिटरमागे तीस रुपयांहून जास्त अंतर होते, कारण पेट्रोल मोकळे सोडले होते आणि डिझेल सरकार धरून होते. 2014 नंतर ते अंतर आटले. 24 जून 2020 रोजी तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा महाग झाले, असे पूर्वी कधी घडले नव्हते. जुलै 2024 मध्ये मुंबईत डिझेल 89 रुपये 97 पैसे होते, म्हणजे पेट्रोलपेक्षा साडेतेरा रुपयांनी कमी. डिझेलची गाडी विकत घेताना महाग पडते, दुरुस्तीही महाग पडते. रोजचे किलोमीटर भरपूर असतील तरच ती परवडते. कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी आपल्या गावचे त्या दिवसाचे दोन्ही भाव घ्या, दोन्ही गाड्यांचे ॲव्हरेज विचारा आणि महिन्याच्या किलोमीटरचा हिशेब कागदावर मांडा. विक्रेत्याच्या तोंडच्या हिशेबावर जाऊ नका.

ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांचे काय?

आपल्या भगिनी म्हणतील, आम्हाला याचे काय? बाजारात येणारी मेथीची जुडी, किराणा, सिमेंटची गोणी, हे सगळे डिझेलवर येते. एसटी डिझेलवर धावते. शेतावरचा ट्रॅक्टर डिझेल पितो. म्हणून डिझेलचा भाव चढला की तो पंपावर न गेलेल्या घरातही पोचतो.

आणि कर सर्वांना सारखा. मोठ्या मोटारीत बसणारा आणि मोटारसायकलला भाजीच्या टोपल्या बांधून नेणारा, दोघेही लिटरमागे तोच कर भरतात. मे 2022 च्या कपातीनंतर पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क 19 रुपये 90 पैसे होते. त्यातले राज्यांबरोबर वाटून घ्यायचे मूळ शुल्क फक्त 1 रुपया 40 पैसे, बाकीचे उपकर आणि अधिभार. एप्रिल 2025 मध्ये हे शुल्क आणखी दोन रुपयांनी वाढले, पण तेव्हा पाटीवरचा भाव हलला नाही, म्हणून फारसे कुणाच्या लक्षात आले नाही. केंद्राने काय घ्यावे आणि प्रांतांच्या वाट्याला काय यावे, या प्रश्नाचा अभ्यास करून बाबासाहेबांनी 1925 साली इंग्रजीत आख्खा ग्रंथ प्रसिद्ध केला होता. त्यांची लेकरे म्हणवणाऱ्या आपण निदान पंपावरच्या एका लिटरमध्ये कर किती, हे तरी विचारले पाहिजे. मते मागायला येणाऱ्याला हा प्रश्न आवर्जून विचारा.

एक शेवटची सूचना. एकटा माणूस पंपावर पाच लिटरचे माप मागायला कचरतो. मागे रांग लागलेली असते, लोक ओरडतात. तेव्हा स्टँडवरच्या चार-सहा रिक्षा-टेम्पोवाल्यांनी मिळून जावे, गर्दी नसलेली वेळ निवडावी, नम्रपणे बोलावे आणि माप पाहावे. माप बरोबर निघाले तर पंपवाल्याचे आभार माना आणि वस्तीत तसे सांगा. प्रामाणिक पंपाला गिऱ्हाईक मिळाले पाहिजे. कमी निघाले तर तेथेच तक्रार वहीत लिहा, सर्वांच्या सह्या करा. महिन्यातून एकदा हे काम मंडळाच्या बैठकीत विषय म्हणून घेतले तर एका घराचे नव्हे, सगळ्या वस्तीचे पैसे वाचतील.

जयभीम.